आठ खाटांची खोली



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सांगलीहून माझा पुतण्या आणि त्याची मुलगी असे दोघे आमच्याकडे आले. पुतण्याची हळदीची अडत आहे. हंगाम ऐन भरात असताना तो पेढी सोडून आला, त्याअर्थी काम तसेच महत्त्वाचे असणार, हे मी ओळखले. चहा होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग मुलीनेच विषय काढला. ती यंदा सी.ए. झाली. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी मेअखेरीस दोन मैत्रिणींसह तीन आठवडे जर्मनी आणि ऑस्ट्रिया पाहण्याचा तिचा बेत आहे. आर्टिकलशिपच्या काळात मिळालेल्या पैशांतून तिने बरीचशी रक्कम साठवली आहे आणि ती पुरावी म्हणून मुक्काम हॉस्टेलमध्ये करायचे ठरवले आहे.

"काका, पैशांचा प्रश्नच नाही," पुतण्या म्हणाला. "चांगल्या हॉटेलात राहा, वरचे पैसे मी देतो, असे मी तिला सांगून पाहिले. पण परमुलखात अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. तिथे कोण येते, कोण जाते, कोणाला ठाऊक?"

"आजोबा, तुम्ही राहिला आहात ना अशा ठिकाणी? मग तुम्हीच बाबांना सांगा," नात म्हणाली.

मी राहिलो आहे, हे खरे. दोन वर्षांपूर्वी जर्मनीत मुलाकडे गेलो असताना ऱ्हाईन नदीच्या काठाने चार दिवस एकट्याने फिरलो आणि तीन रात्री अशा वसतिगृहांत काढल्या. सौभाग्यवतींनी सोबत येण्यास स्पष्ट नकार दिला होता. त्या तीन रात्रींपैकी एका रात्रीची हकिकत मी आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी प्रथमच सांगितली. तीच या वेळी वाचकांपुढे ठेवत आहे, कारण अनेक घरांतून मुले-मुली आता असाच हट्ट धरू लागली आहेत आणि त्यांच्या वडिलांना पडणारा प्रश्नही माझ्या पुतण्याच्या प्रश्नाहून वेगळा नसावा.

प्रथम 'हॉस्टेल' या शब्दाविषयी. आपल्या मनात हॉस्टेल म्हटले की विद्यार्थ्यांचे बोर्डिंग उभे राहते. प्रवाशांचे हॉस्टेल निराळे. तेथे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत चार, सहा, आठ किंवा त्याहून अधिक खाटा असतात, बहुधा एकावर एक अशा दुमजली. स्नानगृह सामायिक, बसण्याचा दिवाणखाना सामायिक, पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघरही सामायिक. त्यामुळे दर कमी असतो. काही ठिकाणी दोन-चार जणांच्या कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्याही मिळतात, पण त्या लवकर भरतात.

या पद्धतीचा उगम जर्मनीतच झाला. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहली काढत. १९०९ सालच्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत वादळी पावसाने त्यांना गाठले. एका गावातील शाळेच्या इमारतीत आसरा मिळाला आणि पेंढा पसरून मुलांनी रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्या रात्री त्यांना सुचला. १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. तेथील जाडजूड लाकडी खाटा आजही जपून ठेवलेल्या आहेत. पुढे १९३२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांचा महासंघ स्थापन झाला. आपल्याकडील यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचा प्रारंभ १९४५ मध्ये शिमल्याजवळील तारादेवी येथे झाला. हिमालयातील पदभ्रमणाच्या निमित्ताने महाराष्ट्रातील हजारो तरुणांना ही संस्था परिचित आहे.

जर्मनीतील या जुन्या साखळीतील वसतिगृहांत राहण्यासाठी सभासदत्व लागते. नावात 'युवा' असले, तरी कुटुंबे आणि माझ्यासारखे निवृत्तही तेथे राहतात. बव्हेरिया प्रांतात पूर्वी वयाची अट होती, तीही पुढे शिथिल झाली. तेथे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खोल्या सामान्यतः वेगळ्या असतात आणि न्याहारी दरात समाविष्ट असते. चादर-उशीचे अभ्रे मिळतात, परंतु खाटेवर ते आपणच चढवायचे आणि निघताना आपणच काढून टोपलीत टाकायचे. जेवणानंतरचे ताट आपणच उचलून ठरल्या जागी ठेवायचे. दुसरीकडे अलीकडची खासगी हॉस्टेले. त्यांत स्त्री-पुरुषांची एकत्र खोली हीच सर्वसाधारण पद्धत असते, आणि केवळ स्त्रियांसाठीची खोली हवी असल्यास आरक्षण करतानाच ती निवडावी लागते. पुष्कळ खासगी हॉस्टेलांत मद्यालयही असते. दोन्हींचे नाव एकच असल्याने घरातील वडीलधाऱ्यांचा घोटाळा होतो.

आता ती रात्र.

ऱ्हाईनकाठच्या एका लहानशा गावात सायंकाळी पाचच्या सुमारास मी पोहोचलो. माझ्या वाट्याला आठ खाटांची खोली आणि त्यात वरची खाट आली. वय ६४, गुडघे कुरकुरणारे, आणि शिडी लोखंडी व सरळ उभी. मी शिडीकडे पाहत उभा होतो. इतक्यात खालच्या खाटेवर सामान मांडून बसलेला एक तरुण उठला, काही न विचारता त्याने आपले अंथरूण वर टाकले आणि इंग्रजीत म्हणाला, "आपण खाली झोपा." तो सायकलवरून नदीकाठाने प्रवास करत होता. पायांवर चिखल, अंगात दोन-तीन दिवस न बदललेला सदरा, हातावर गोंदणे. मी आभार मानले, पण खरे सांगायचे तर त्याचा अवतार पाहून मन काहीसे साशंक झाले.

भिंतीला लागून प्रत्येकासाठी लोखंडी कपाट होते. कुलूप मात्र प्रत्येकाने आपले आणायचे होते. ३४ वर्षे बँकेत काढलेला मी, ज्याने हजारो ग्राहकांना लॉकरचे नियम समजावून सांगितले, तोच कुलूप न घेता आलो होतो. खाली कार्यालयात विकत मिळत होते. 'एका रात्रीसाठी कशाला पाच युरो?' असा हिशेब करून मी ते घेतले नाही. पारपत्र, रोकड आणि रेल्वेचे तिकीट असलेली कापडी पिशवी उशाशी ठेवून झोपलो.

रात्री दहानंतर शांतता पाळण्याचा नियम होता आणि तो काटेकोर पाळला गेला. तरीही आठ माणसांच्या खोलीत पूर्ण शांतता नसतेच. कोणी घोरत होते, कोणी उशिरा येऊन मोबाइलच्या उजेडात पिशवी चाचपत होते. मला झोप लागली ती पहाटे. जाग आली तेव्हा साडेसात झाले होते. वरची खाट रिकामी होती, सायकलस्वार निघून गेला होता. मी उठलो, नियमाप्रमाणे अभ्रे आणि चादर काढून टोपलीत टाकली, तोंड धुऊन आलो आणि निघण्यासाठी पिशवी शोधू लागलो. पिशवी नव्हती.

परदेशात पारपत्र हरवणे म्हणजे काय, याची कल्पना वाचक करू शकतील. घामाने अंगरखा भिजला. मी धावत कार्यालयात गेलो आणि तेथील प्रौढ बाईंना सांगितले, "माझे पारपत्र चोरीला गेले आहे. माझ्या वरच्या खाटेवरचा सायकलवाला पहाटेच निघून गेला. त्याचा पत्ता तुमच्या नोंदवहीत असेल. पोलिसांना बोलवा."

बाईंनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. त्यांनी फोन उचलला नाही. एवढेच विचारले, "चादरी आपण टोपलीत टाकल्यात का?"

मी होय म्हटले. त्या माझ्याबरोबर वर आल्या आणि टोपलीतला एकेक अभ्रा चाचपू लागल्या. तिसऱ्या अभ्र्यात माझी पिशवी होती. रात्री केव्हातरी झोपेच्या गुंगीत, अधिक सुरक्षित म्हणून, मी स्वतःच ती उशीच्या अभ्र्यात सरकवली होती. आणखी तासाभराने ती टोपली धुलाईला गेली असती.

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. पिशवी हातात देऊन म्हणाल्या, "न्याहारी नऊपर्यंत आहे." मी खाली जाऊन बसलो, पण घास उतरेना. पारपत्र मिळाल्याचा आनंद होता, त्याहून अधिक लाज होती. ज्याने आपली खाट मला दिली, त्याच्यावर मी कोणताही पुरावा नसताना चोरीचा आळ घेतला होता, आणि तोही त्याच्या पाठीमागे. बँकेत असताना कोणाचा अर्ज नाकारायचा तर मी कागद पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नसे. येथे मात्र सदरा आणि गोंदण पाहून एका माणसाची पत मी दोन मिनिटांत बुडवली. त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. तो नदीकाठाने कोणत्या दिशेला गेला, हेही ठाऊक नव्हते. क्षमा मागावी तर कोणाची? आपण दरवर्षी संवत्सरीला, क्षमावाणीला घरोघरी, पत्राने, आता मोबाइलवर क्षमा मागतो. त्यात या एका माणसाचे देणे माझ्या खात्यावर तसेच उभे आहे.

ही हकिकत संपली तेव्हा पुतण्या काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे तेथे चोरी होत नाही, असे तुमचे म्हणणे आहे का?"

तसे माझे म्हणणे नाही. चोऱ्या होतात. हॉस्टेलांत होतात, महागड्या हॉटेलांतही होतात. माझे म्हणणे वेगळे आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. रोखपाल अप्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. उद्या रक्कम कमी भरली तर प्रामाणिक रोखपालावर विनाकारण संशय येऊ नये, हाही त्या व्यवस्थेचा हेतू असतो. हॉस्टेलमधील कुलूप तसेच आहे. ते चोरापासून आपले रक्षण करतेच, शिवाय शेजारच्या सज्जनाचे आपल्या संशयापासून रक्षण करते. पाच युरो मी वाचवले आणि त्याची किंमत एका भल्या मुलाने मोजली, त्याला नकळत.

"मुलीबद्दलचा तुझा प्रश्न याहून वेगळा आहे, हेही मी जाणतो," मी पुतण्याला म्हटले. "माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे पारपत्र आणि तुझी मुलगी यांची तुलना मी करत नाही." म्हणून आम्ही तिघांनी कागद घेऊन एक यादी केली. ती इतरांनाही उपयोगी पडावी, यासाठी येथे देतो.

आरक्षण करताना खोली केवळ स्त्रियांची असल्याची लेखी खात्री करावी. शक्य असल्यास तिघी मैत्रिणींनी मिळून तीन किंवा चार खाटांची पूर्ण खोलीच घ्यावी. तिघींत विभागल्यावर दरात फार फरक पडत नाही. कार्यालय चोवीस तास उघडे असते की रात्री बंद होते, हे आधी पाहावे. लहान गावांतील वसतिगृहे रात्री दार लावतात. पोहोचण्याची वेळ दिवसाउजेडीची ठेवावी आणि जागा रेल्वेस्थानकापासून पायी किती अंतरावर आहे, ते नकाशावर मोजावे. आधी राहून गेलेल्या स्त्री-प्रवाशांचे अभिप्राय मुद्दाम वाचावेत. खोलीत काही खटकले तर संकोच न करता कार्यालयात जाऊन खोली बदलून मागावी. अशी मागणी तेथे कोणी गैर मानत नाही.

खोली सामान्यतः दुपारी तीन-चारनंतर मिळते आणि सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते. मधल्या वेळात सामान ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. कुलूप, पंचा, रबरी चपला, कानात घालायचे बोळे आणि लहान विजेरी सोबत असावी. पंचा क्वचितच मिळतो आणि मिळाला तर वेगळे पैसे पडतात. पहाटे निघायचे असेल तर सामान रात्रीच बांधून ठेवावे. पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा चुरचुर आवाज करणे हा हॉस्टेलमधील सर्वांत मोठा अपराध समजला जातो. न्हाणीघरातील नळ पुष्कळदा दाबायचा असतो आणि काही क्षणांनी आपोआप बंद होतो. तो बिघडला आहे, असे समजून तक्रार करू नये. मी केली होती.

आता आहार. आपल्या घरांत हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. न्याहारीत पाव, दूध, फळे, सुका मेवा आणि धान्याचे पोहे बहुधा असतात. चीज घेताना सावध राहावे. अनेक प्रकारच्या चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ वापरलेला असतो. काही गोड पदार्थांत आणि गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. वेष्टनावर घटक छापलेले असतात, ते वाचण्याची सवय लावावी. सामायिक स्वयंपाकघरातील तवा-पातेल्यात आदल्या घटकेला काय शिजले असेल, याची खात्री देता येत नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी एक लहान पातेले, ताटली आणि चमचा आपला न्यावा. शीतकपाटात ठेवलेल्या पदार्थावर आपले नाव आणि निघण्याची तारीख लिहावी, अन्यथा तो टाकून दिला जातो. खोलीत विजेची शेगडी लावण्यास सर्वत्र मनाई असते.

खाकरा, मेतकूट, भाजके पोहे अवश्य न्यावेत. मात्र युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून आजीने प्रेमाने दिलेले पेढे आणि तूप घरीच ठेवावे, नाहीतर ते विमानतळावर जप्त होईल. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना मे-जूनमध्ये काहीच अडचण नाही, कारण तेव्हा जर्मनीत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. डिसेंबरात मात्र तो साडेचारच्या सुमारासच मावळतो आणि वसतिगृहाचे जेवण त्यानंतर असते. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी दुपारीच तजवीज करावी.

यादी पूर्ण झाली. नातीने तिचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. पुतण्या कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. होकार त्याने तोंडाने दिला नाही आणि मीही तो मागितला नाही. त्याची काळजी एका यादीने संपावी इतकी लहान नाही, हे बापाच्या वयातून गेलेला प्रत्येक माणूस जाणतो. माझी सून दर रात्री फोन करण्याची अट घालणार, हेही ठरलेलेच आहे आणि ती अट नातीने पाळावी.

निघताना दोघे जिन्यापर्यंत गेले. पुतण्या चार पायऱ्या उतरला आणि परत वर आला.

"काका, त्या कपाटाच्या कडीला केवढे कुलूप लागते?"

मी करंगळी पुढे केली आणि म्हटले, "कडी एवढ्या जाडीची असेल तर बसते. त्याहून जाड नको." त्याने माझी करंगळी नीट पाहिली आणि तो उतरला. परवा त्याचा फोन आला, तेव्हा कळले की त्याने बाजारातून तीन कुलुपे आणली आहेत. एक मुलीसाठी आणि दोन तिच्या मैत्रिणींसाठी.